इथं किब्ला पश्चिमेला नाही

गंगाखेडच्या एका मुलानं प्रश्न पाठवलाय. डिप्लोमा झालाय, वाळूजला तीन वर्षं सीएनसीवर काम केलंय, जर्मन भाषेची बी-वन परीक्षा पास आहे आणि श्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात नोकरी लागलीय. ऑक्टोबरात निघायचंय. विचारतो, हलाल मटण मिळतं का, कामावर नमाज पढू देतात का, रोजा किती तासांचा असतो, आणि अम्मी रोज रडते तिला काय सांगू?

मी पण परभणी जिल्ह्यातलाच, सेलूचा. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकलो, वाळूजला सहा वर्षं डाय-मोल्डचं काम केलं, २०१३ पासून इथं जर्मनीत आहे. आपल्याकडची दोन-चार पोरं दर वर्षी इकडं येतात. त्यांना स्टेशनवरून आणणं, खोली बघून देणं हे आपसूक माझ्याकडं आलंय. त्यामुळं तुझे चारही प्रश्न मला पाठ आहेत. पण जे तू विचारलंच नाहीस तिथून सुरुवात करतो, कारण त्याला वेळ लागतो आणि ते काम गंगाखेडात बसूनच करावं लागतं.

ते म्हणजे नाव. दहावीच्या सनदेवर तुझं नाव कसं छापलंय ते आजच काढून बघ. आपल्यातल्या निम्म्या पोरांचं सनदेवर ‘शेख अमुक शेख तमुक’, आधारवर ‘अमुक तमुक शेख’, आणि पासपोर्टवर सगळं नाव एकाच रकान्यात, आडनावाचा रकाना कोरा. वर शेखचं इंग्रजी स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं. तहसीलमध्ये कुणी काही म्हणत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं की हा तोच. इथला कारकून अक्षरन् अक्षर जुळवतो. पहिल्या वर्षी माझा पगार एका नावावर आणि आरोग्य विमा दुसऱ्याच नावावर होता. असे दोन शेख मी एकट्यानं सांभाळले, आणि ते दोघं एकच आहेत हे पटवून देण्यात चार महिने गेले. पासपोर्टमध्ये आडनाव वेगळं करून घे आणि बाकीचे कागद त्याला जुळव. लग्न झालं असेल तर निकाहनाम्यावर थांबू नकोस. काझीसाहेबांच्या शिक्क्याचा उर्दू निकाहनामा आपल्यासाठी सगळं काही असतो, पण पुढं बायकोला बोलवायचं तर सरकारी विवाह नोंदणीचा दाखला हाताशी पाहिजे. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली ती नोंदणी नगरपालिकेत होते, आपल्यालाही करता येते. लोक ती टाळतात आणि मग दोन वर्षांनी सुट्टी काढून त्यासाठी गावाकडं पळतात.

आता बॅग. अम्मी डबे भरायला लागली असेल, तर तिला आधीच सांग: युरोपात बाहेरच्या देशातून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत. म्हणजे कुंथलगिरीचा पेढा, भूमचा खवा, घरचं तूप, मटणाचं लोणचं, सगळं बाद. कस्टमवाल्यानं बॅग उघडली की तो काही चव बघत नाही, सरळ टोपलीत टाकतो. ताजा कढीपत्ता, केशर आंबे, बालाघाटची सीताफळंही चालत नाहीत, त्यांना सरकारी प्रमाणपत्र लागतं. त्यातून नारळ, केळी, अननस आणि खजूर सुटलेत. खजूर आणायची काही गरज मात्र नाही, इथल्या तुर्की आणि अरब दुकानांत आपल्यापेक्षा चांगला मिळतो. मसाले, डाळी, पीठ चालतं. तेवीस किलोत मी असं बसवीन: दोन किलो येसर, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, तीन लिटरचा कुकर, लोखंडी तवा. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, जरा जुनं असतं, भाकरी चिरते, पण कोमट पाण्यात मळलं की जमतं. येसर मात्र अख्ख्या जर्मनीत मला कुठंही दिसलेला नाही. आमटीला तो नसला की ती नुसती डाळ होते, हे मला सेलूत कधी कळलं नव्हतं.

विमानाचं तिकीट काढतानाच मुस्लिम जेवण नोंदव. एमओएमएल असा चार अक्षरांचा कोड असतो, निदान चोवीस तास आधी सांगावं लागतं. विमानात बसल्यावर मागशील तर फक्त पाव मिळेल. आखाती विमान घेतलंस तर दोह्याला किंवा दुबईला नमाजची खोली असतेच. फ्रँकफर्टच्या विमानतळावरही आहे.

इथं आल्यावर पहिलं काम म्हणजे पत्त्याची नोंदणी, तिला आनमेल्डुंग म्हणतात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते, आणि घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. याच्याशिवाय बँक, टॅक्स नंबर, पुढचं काहीच हलत नाही. त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. मी मोठ्या ऐटीत इस्लाम लिहिलं. खिडकीमागच्या बाईनं शांतपणे खोडलं आणि सांगितलं, हा रकाना चर्चच्या करासाठी आहे. इथं कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट असलात तर पगारातून आयकराच्या आठ-नऊ टक्के रक्कम चर्चला जाते. ज्यांचा धर्म त्या करात येत नाही त्यांची नोंद ‘नाही’ अशी होते. त्या कागदावर मी निधर्मी झालो आणि माझे पैसे वाचले. अब्बांना हे मी फोनवर सांगितलं नाही. ते गेले तरी सांगितलं नाही. तुला कुणी म्हणालं की नाव कळलं की त्रास देतील म्हणून धर्म लपव, तर लक्षात ठेव, तो प्रश्न तिथं त्यासाठी नसतोच.

त्याच आठवड्यात मी दुसरी चूक केली, ती मोठी होती. किब्ला म्हणजे नमाजला तोंड करायची मक्केची दिशा, आणि आपल्याकडं ती पश्चिम. लहानपणापासून मावळतीकडं तोंड करून उभं राहायची सवय, कुणाला विचारायची वेळच येत नाही, मशिदीची भिंतच सांगते. खोलीत सामान टाकलं, खिडकीतून सूर्य मावळताना दिसला, त्या बाजूला मुसल्ला अंथरला आणि चार दिवस पाचही वेळा अमेरिकेकडं तोंड करून पढलो. पाचव्या दिवशी शेजारच्या बोस्नियन मुलानं दारातून बघितलं आणि काही न बोलता माझ्या खांद्याला धरून मला फिरवलं.

श्टुटगार्टहून मक्का आग्नेयेला आहे, उत्तरेपासून मोजलं तर साधारण १२७ अंशांवर. मोबाइलच्या होकायंत्रावर कारखान्यात विसंबू नकोस, मशिनं आणि लोखंडी खांब त्याला भरकटवतात. त्यापेक्षा सूर्य बरा. डिसेंबरच्या शेवटी, दिवस सगळ्यात लहान असतो तेव्हा, इथं सूर्य जिथून उगवतो तीच जवळपास नेमकी किब्ल्याची दिशा असते. आणखी एक पक्की युक्ती: २८ मे आणि १६ जुलैच्या सुमाराला सूर्य बरोबर काबाच्या डोक्यावर येतो, तेव्हा इथल्या घड्याळात मे महिन्यात ११ वाजून १८ मिनिटं आणि जुलैत ११ वाजून २७ मिनिटं झालेली असतात. त्या मिनिटाला उभ्या काठीच्या सावलीच्या बरोबर उलट तोंड कर, खडूनं रेघ मार, वर्षभराची काळजी मिटली. मी आमच्या टूल क्रिबच्या, म्हणजे हत्यारं ठेवायच्या जागेच्या, फरशीवर अशी रेघ मारली होती. सफाईवाल्यानं दोनदा पुसली, तिसऱ्या वेळी त्यानंच विचारलं की ही कशाची, आणि मग ठेवली.

कामावरच्या नमाजचं म्हणशील तर नमाजपेक्षा वजू, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं, अवघड. सोबत पढणारी जमात नाही, अजान नाही, हौद नाही, आणि पाय धुवायचा तर हात धुवायच्या बेसिनमध्ये. दुसऱ्या आठवड्यात माझा डावा पाय बेसिनमध्ये, पँट गुडघ्यापर्यंत, खाली पाण्याचं थारोळं, आणि दारात आमचा माइस्टर, म्हणजे विभागाचा मुकादम. साठीचा श्वाबियन, म्हणजे या श्टुटगार्टकडचाच माणूस, मिशा पांढऱ्या. मला वाटलं गेली नोकरी. त्यानं आधी माझ्या पायाकडं बघितलं, मग फरशीकडं, आणि म्हणाला, ‘पुसून घे. कुणी घसरलं तर अपघाताचा अहवाल मला लिहावा लागतो.’ एवढंच. मी पुसलं. मग तोच मला टूल क्रिबच्या मागं घेऊन गेला आणि एक कोपरा दाखवला. म्हणाला, पूर्वी तुर्की लोक इथंच पढायचे. १९६१ च्या ऑक्टोबरात जर्मनीनं तुर्कस्तानशी कामगार आणायचा करार केला, तेव्हापासून अशा कारखान्यांत ती माणसं आहेत. आपल्याला वाटतं आपणच पहिले. कोपरा आधीच झिजलेला असतो.

वजूसाठी दोन गोष्टी कर. एक, चामड्याचे मोजे घे. घरून पूर्ण वजू करून घातले की प्रवासात नसलेल्या माणसाला एक दिवस-रात्र त्यावर नुसता मसह, म्हणजे ओला हात फिरवणं, पुरतो, पाय धुवायची गरज नाही. आपण हनफी पंथाचे, त्यामुळं साध्या सुती मोज्यांवर चालत नाही. अरब दोस्त तसं करताना दिसतील, त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस. दोन, खिशात कागदी रुमाल ठेव आणि जागा कोरडी करून निघ. इथं तुझ्या धर्माचा कुणाला राग येत नाही, ओल्या फरशीचा येतो.

आणि तो दुसरा विषय, जो कुणी उघड विचारत नाही. संडासात पाणी नसतं, कागद असतो. बाथरूमला जेट लावायला घरमालक तयार होतीलच असं नाही. आपल्या मुलांचा इथला सर्वमान्य उपाय म्हणजे झाडांना पाणी घालायची लहान झारी, लांब नळीची, हिरवी किंवा पांढरी. बांधकाम-बागकामाच्या दुकानात दोन-तीन युरोंना मिळते. पाहुण्या जर्मनाला वाटतं याला झाडांची आवड आहे. माझ्या बाथरूममध्ये एकही झाड नाही आणि आजवर कुणी विचारलंही नाही. कामावर रिकामी पाण्याची बाटली सोबत ठेव.

कामाच्या वेळेत नमाज बसवायची तर तुला ऋतूंचा हिशोब ठेवावा लागेल. आपल्याकडं वर्षभर वेळा थोड्याफार सरकतात. इथं डिसेंबरात सूर्य सव्वाआठला उगवतो आणि साडेचारला मावळतो. दुपारची जोहर, तिसऱ्या प्रहरची असर, सूर्यास्ताची मगरिब तिन्ही चार-साडेचार तासांत येतात. जूनमध्ये सूर्य साडेनऊला मावळतो, म्हणजे असर घरी येऊन निवांत. सहा तासांपेक्षा जास्त काम असेल तर अर्ध्या तासाची सुट्टी कायद्यानं मिळते. ती दोन तुकड्यांत घेता येते का ते माइस्टरला विचार, पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे हिवाळ्यात फार कामाचे. पण विचारून घे. मशीन चालू ठेवून गुपचूप गायब होणारी पोरं मी बघितलीत. त्यांच्यामुळं पुढच्याला नकार मिळतो. मी बारा-तेरा वर्षांत ज्याला विचारलं त्यानं एकदाही नाही म्हटलं नाही, फक्त दोनदा ‘आत्ता नको, वीस मिनिटांनी’ म्हटलं.

जुमा, म्हणजे शुक्रवारची नमाज. हिवाळ्यात साडेबाराच्या पुढं, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढं गेली की दीडच्या पुढं. दुपारची पाळी दोनला लागत असेल तर हिवाळ्यात जुमा पढून कामावर जाता येतं, उन्हाळ्यात धावपळ होते. ज्या आठवड्यात जमत नाही त्या आठवड्यात कुणाशी तरी पाळी बदल. त्याच्या मोबदल्यात ख्रिसमसच्या आसपासची एखादी पाळी तू घे. हा सौदा इथं सोन्याचा आहे, कारण त्या दिवसांत काम करायला कुणीच तयार नसतं. श्टुटगार्टला फॉयरबाखमध्ये मोठी तुर्की मशीद आहे. तुर्कही हनफीच, त्यामुळं नमाज अगदी आपल्यासारखी. खुतबा, म्हणजे प्रवचन, तुर्कीत, काही भाग जर्मनमध्ये. पहिले सहा महिने मला दोन्ही कळत नव्हतं, तरी सेलूच्या जामा मशिदीतल्या उर्दू बयानाइतकीच डुलकी येत होती.

आता मटण. आपल्याकडं हलालची चौकशी कोण करतो? गावात जत्रेचं बकरंसुद्धा मुलाण्याच्याच हातून कापलं जातं, हिंदू घरातलंही. इथं मात्र जनावर बेशुद्ध न करता कापायला कायद्यानं मनाई आहे. धार्मिक कारणासाठी खास परवानगी मिळू शकते. २००२ च्या जानेवारीत इथल्या घटना न्यायालयानं एका तुर्की खाटकाच्या बाजूनं निकाल दिला, तेव्हापासून ती वाट थोडी मोकळी झाली. त्यामुळं ‘हलाल’ लिहिलेल्या दुकानांत दोन्ही तऱ्हेचं मांस असतं: हलका विजेचा झटका देऊन मग बिस्मिल्ला म्हणून कापलेलं, आणि झटक्याशिवायचं, बऱ्याचदा बाहेरच्या देशातून आलेलं. पहिलं चालतं की नाही यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. मी काय करतो ते सांगतो. ज्या दुकानदाराला विचारल्यावर तो न चिडता माल कुठून आला ते सांगतो, कागद दाखवतो, त्याच्याकडून घेतो. चिडतो त्याच्याकडून नाही. तुझं मन ज्यावर बसेल ते ठरव आणि एकदा ठरवलं की दुसऱ्याच्या ताटात डोकावू नकोस. आपल्या पोरांच्या खोल्यांमध्ये या एका विषयावरून जेवढी भांडणं झाली तेवढी भाड्यावरून झाली नाहीत. दुकानाच्या पाटीवर तुर्कीत ‘हेलाल’ लिहिलेलं असतं, तेच ते.

मटण ही सोपी गोष्ट आहे, कारण ते मटण आहे हे दिसतं. फसवतात त्या न दिसणाऱ्या गोष्टी. सहा शब्द पाठ कर: श्वाइन म्हणजे डुक्कर, श्पेक आणि शिंकन म्हणजे त्याचेच प्रकार, श्माल्त्स म्हणजे बहुधा डुकराची चरबी, गेलाटीनं म्हणजे जिलेटिन, आणि लाब म्हणजे चीज विरजायचं द्रव्य, जे जनावराचंही असतं आणि सूक्ष्मजीवांपासून केलेलंही. रंगीत चघळायच्या गोळ्यांत डुकराचं जिलेटिन असतं, काही दह्यांत आणि क्रीमच्या मिठायांत पण जिलेटिन असतं. सॉसमध्ये वाइन, केकमध्ये रम. आणि इथल्या श्वाबियन भागाची खास गंमत म्हणजे ब्रेत्सल. ती वेटोळी खारी पाव-गाठ, बघून कुणाला शंका येणार? पण काही बेकऱ्या कणकेत श्माल्त्स घालतात. दोन महिने रोज सकाळी खाल्ल्यावर मला कळलं. त्या दिवशी बेकरीतल्या बाईला विचारलं, ‘इस्ट दा श्वाइन द्रिन?’, यात डुक्कर आहे का? तिनं आतून पिठाचं पोतं आणून त्यावरचा कागद वाचून दाखवला. तिच्याकडं लोणी होतं. तेव्हापासून मी तिचा गिऱ्हाईक. पाकिटावर पिवळं शाकाहारी चिन्ह दिसलं तर चरबी-जिलेटिनची काळजी मिटते, दारूची मिटत नाही, तेवढं वेगळं वाच.

कँटीनमध्ये एक दिवस मावल्टाशन मिळेल, मोठ्या करंजीसारखं उकडलेलं, आत पालक दिसतो. पालकाबरोबर डुकराचा खिमाही असतो. त्याचं इथलं टोपणनाव ‘देवाला फसवणारी’ अशा अर्थाचं आहे. दंतकथा अशी की उपवासाच्या दिवसांत माउलब्रोनच्या मठातल्या साधूंनी देवाला दिसू नये म्हणून मांस कणकेत लपवलं. मला हे माइस्टरनं सांगितलं आणि म्हणाला, देवाचं माहीत नाही, पण तू फसू नकोस. मसूर आणि श्पेट्झल मिळालं की खूश होशील, आमटी-शेवयांसारखं लागतं. त्यावर सॉसेज ठेवायच्या आधीच ‘ओनं वुर्स्ट’ म्हण, सॉसेजशिवाय. नुसतं उचलून बाजूला ठेवून भागत नाही, डाळीतही श्पेक टाकायची पद्धत आहे, तेही विचार.

दारूचं एका वाक्यात: ग्लास हातात घे, त्यात सफरचंदाचा रस आणि सोडा असू दे, त्याला आप्फलशोर्लं म्हणतात. कुणी दुसऱ्यांदा आग्रह करत नाही. आग्रह आपल्याकडं करतात.

घर. पहिलं वर्ष चार जणांत मिळून राहशील, स्वयंपाकघर एकच. तुझा तवा, तुझी कढई, फ्रिजमधला तुझा कप्पा पहिल्याच दिवशी सांगून वेगळा कर आणि कारण सांग. कारण न सांगता भांडी कपाटात कुलूपबंद करणारा माणूस विचित्र वाटतो. कारण सांगितलं तर तेच लोक तुझ्या तव्याची राखण करतात. फोडणी देताना खिडकी सताड उघडी ठेव. छतावर धुराचा भोंगा असतो, मोहरी तडतडली की तो बोंबलतो. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं घेता येतं, त्याहून मागितलं तर सही करू नकोस. रविवारी दुकानं बंद, कणीक-तेल शनिवारीच आण. रेडिओ-टीव्हीची फी घरटी महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी. ते पत्र आलं की फेकू नकोस. प्रवासाला देशभर चालणारं महिन्याचं तिकीट आहे, २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालं, आता ६३ आहे. लोकल, बस, ट्राम सगळं त्यात, फक्त जलद गाड्या नाहीत.

आणि या भागात केरवोखं असतं. ज्याच्या दारावर पाटी लटकते त्यानं त्या आठवड्यात जिना झाडायचा-पुसायचा. माझ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईनं मला पहिल्यांदा जिना धुताना बघितलं तेव्हा मी आपल्या पद्धतीनं बादलीभर पाणी ओतून खराट्यानं घासत होतो. पाणी दोन मजले खाली गेलं. तिनं स्वतःचं पोचाऱ्याचं फडकं आणून दिलं आणि पुढचे तीन आठवडे माझ्यावर लक्ष ठेवलं. आज तिच्याकडं ईदला शिरखुर्मा जातो. शेवया इथल्याच बारीक सूपच्या, तुपात जरा जास्त भाजायच्या.

हात मिळवायचं तुझ्या मनात असेल. इथं बाई असो की पुरुष, मुलाखतीला, ऑफिसात हात पुढं येतो. मी मिळवतो. ज्यांना नको वाटतं ती मुलं हात छातीवर ठेवून हसून मान लववतात. समोरच्याचा हात हवेत राहायच्या आत केलं तर कुणाला लागत नाही. पण सौनाचं नीट ऐक. कंपनीतली मंडळी कधीतरी गरम पाण्याच्या कुंडांवर नेतील. पोहायच्या भागात सगळे कपड्यांत असतात, सौना मात्र वेगळी. तिथं बायका-पुरुष एकत्र आणि अंगावर काही नाही, हाच तिथला नियम. मी दार उघडलं आणि तसाच उलट पावली परत आलो. दुसऱ्या दिवशी सगळ्या विभागाला माहीत होतं.

रोजा. तुझा पहिला रमजान २०२७ च्या फेब्रुवारीत, साधारण ८ तारखेच्या आसपास लागेल. सुरुवातीला साडेअकरा तास, महिन्याच्या शेवटी तेरा. गंगाखेडपेक्षा वेगळं काही नाही, उलट ऊन नाही. दर वर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकत २०३० मध्ये तर जानेवारीत एक आणि डिसेंबरात दुसरा असे दोन रमजान लागतील, दोन्ही सगळ्यात लहान दिवसांत. तू नशिबवान आहेस. आम्ही जून बघितला. २०१६ ला रोजा अठरा तासांच्या वर होता, आणि जूनच्या त्या दिवसांत इथं रात्र पूर्ण होतच नाही. सूर्य क्षितिजाखाली अठरा अंश जातच नाही, त्यामुळं रात्रीची इशा आणि पहाटेच्या सहरीची वेळ काढायलाही वेगवेगळ्या मशिदींचे वेगवेगळे हिशोब. एका मशिदीचं वेळापत्रक धर आणि महिनाभर तेच चालव, ॲप बदलत बसू नकोस.

त्या वर्षी मी कुणाला सांगितलं नव्हतं की रोजा आहे. मर्दानगी. सतराव्या रोज्याला दुपारच्या पाळीत, संध्याकाळी सातच्या सुमाराला, मी टूल ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनला द्यायच्या हत्याराच्या मापात, वजाचं चिन्ह घालायचं विसरलो. कटर थेट जॉबमध्ये, म्हणजे घडवायच्या तुकड्यात, घुसला. जो आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो. कटर गेला, सहा तासांचं काम गेलं, स्पिंडल वाचला. माइस्टर ओरडला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘एक महिना आधी सांगितलं असतंस तर महिनाभर पहाटेची पाळी दिली असती.’ पुढच्या वर्षीपासून मी जानेवारीत, सुट्ट्यांचा तक्ता भरतानाच, रमजानच्या तारखा पेन्सिलनं लिहून देतो. तूही तसंच कर. मशीनवर असताना चक्कर वाटली तर लाल बटण दाब आणि बस. अडचणीतल्याला रोजा सोडायची सवलत आहे, नंतर कजा, म्हणजे राहिलेला रोजा, ठेवता येतो. तुटलेलं बोट परत येत नाही.

ईदला सार्वजनिक सुट्टी नाही. तुर्की मशिदी गणितानं आधीच तारीख सांगतात, म्हणून सुट्टी मागणं सोपं जातं. गंमत अशी की घरी बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी ईद असते. तू इथं ईदगाहवरून येऊन फोन करशील तेव्हा तिकडं अजून रोजा चालू असेल आणि सगळे गच्चीवर चाँद बघायच्या तयारीत. तेव्हा खाण्याचे फोटो पाठवू नकोस, दुसऱ्या दिवशी पाठव.

मशिदीत म्हातारे तुर्क विचारतील, पाकिस्तान? भारत म्हटलं की आश्चर्य करतील, तिथं मुसलमान असतात? २०११ च्या जनगणनेत सतरा कोटींच्या वर होते, एवढं सांगून टाक. भारतीय दुकानातला लाहोरवाला तुझं ‘नक्को’ आणि ‘हौ’ ऐकून हसेल, हसू दे. आणि ट्राममध्ये मागच्या सीटवर कुणीतरी मराठीत फोनवर भांडत असेल तर वळून बोल. मला पहिली खोली अशाच एका सांगलीवाल्यानं मिळवून दिली. मराठी मंडळींच्या गणपतीला मी दर वर्षी जातो. वरण-भात, मोदक, आणि काय हलाल काय नाही हे विचारायची गरज नसलेलं वर्षातलं एकमेव जेवण.

अम्मीला काय सांगायचं. नुसतं ‘सगळं मिळतं’ म्हणू नकोस, आया त्यावर विश्वास ठेवत नाहीत. पहिल्या शनिवारी मटणाच्या दुकानात जा, आणि पाटी, काउंटर, मागं टांगलेला बकरा, शेजारी उभा असलेला दुकानदार असा एक फोटो काढून पाठव. माझ्या अम्मीनं तो फोटो बोटांनी मोठा करून करून बघितला, अर्धा तास कुणाला हात लावू दिला नाही, आणि मग फोन करून पहिला प्रश्न विचारला, किलोला किती? मी युरोत सांगितलं. रुपयांत अजून सांगितलेलं नाही.